लहान दुकानासाठी बिल व साठा-नोंद प्रणाली : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

मी लेखनसामग्रीचे एक लहान दुकान चालवते. माझ्यासह तीन माणसे तेथे काम करतात. सुमारे 1,100 प्रकारच्या वस्तू असतात आणि त्यांतील बऱ्याचशा इतक्या लहान असतात की त्या हरवल्या तरी वर्षअखेरच्या मोजणीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही हाताने लिहिलेला रोजमेळ व साठ्याची वही बंद केली आणि वर्गणीवर मिळणारी बिल व साठा-नोंद प्रणाली घेतली. पुढे तिच्याविषयी काही तक्रारी यायच्या असल्याने तिचे नाव येथे देत नाही. तसेही या वर्गातल्या प्रणालींचा सांगाडा बहुतांशी सारखाच असतो, त्यामुळे पुढील मजकूर अशी कोणतीही प्रणाली घेऊ पाहणाऱ्यास उपयोगी पडावा.

विकायला आलेल्या प्रतिनिधीने आम्हाला विक्री वाढण्याचे आश्वासन दिले होते. पहिल्या वर्षी विक्री जवळपास होती तेवढीच राहिली. दुसऱ्या वर्षी ती थोडी वाढली, पण त्याचे श्रेय प्रणालीला द्यावे असे मला वाटत नाही, कारण त्याच सुमारास शेजारी एक शिकवणी वर्ग सुरू झाला. तरीही महिनाअखेरीस पुरवठादाराचे पैसे देताना होणारी ओढाताण या दोन वर्षांत निम्म्याहून कमी झाली. विक्री तेवढीच असताना हे कसे झाले, हाच या परीक्षणाचा खरा विषय आहे. लहान दुकान चालते की बसते हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी कोणत्या गोष्टींना अशी प्रणाली हात लावू शकते आणि कोणत्या तिच्या कक्षेबाहेर राहतात, हे वापरल्याशिवाय कळत नाही, आणि माहितीपत्रकात तर ते मुळीच लिहिलेले नसते.

प्रथम सुरुवातीच्या कष्टांविषयी लिहिते. प्रतिनिधीने दोन दिवसांत सारे सुरू होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात वस्तूंची यादी भरण्यातच पाच आठवडे गेले. छापील बारकोड असलेला माल पटापट चढतो. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमचे पाकीट स्कॅन होऊन दुकानदारीतले हे युग सुरू झाले, आणि त्यामागची रचना आजही मला सुबक वाटते. नेहमीच्या तेरा अंकी बारकोडातला शेवटचा अंक हा आधीच्या बारा अंकांवरून काढलेला पडताळा असतो. अंक हाताने भरताना एखादा चुकला तर यंत्र तो स्वीकारत नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही बहुतेक वेळा चूक पकडली जाते. त्या दोन अंकांत नेमका पाचाचा फरक असेल तरच ती निसटते. अडचण येते ती ज्या मालावर बारकोडच नाही त्याची. सुटे कागद, एकेक विकले जाणारे खोडरबर, मापून कापून दिला जाणारा आवरणाचा कागद या सर्वांसाठी आम्हाला स्वतःचे क्रमांक तयार करून एका पुठ्ठ्यावर चिकटवावे लागले. तो पुठ्ठा आजही गल्ल्याशेजारी टांगलेला आहे आणि कडांनी पुरता झिजला आहे.

याहून मोठी गफलत खोक्यांमुळे झाली. पेने दहाच्या खोक्यात येतात आणि एकेक विकली जातात. खोक्यावरचा बारकोड वेगळा आणि आतल्या पेनावरचा वेगळा, हे आम्हाला ठाऊक होते; पण आमच्या सहायकाने आवक नोंदवताना खोके स्कॅन केले आणि एका खोक्यात किती नग हे भरण्याची चौकट रिकामी ठेवली. प्रणालीने ते एकच पेन धरले. तिसऱ्या दिवशी तो गोंधळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "ताई, यंत्र म्हणते की निळी पेने वजा सात आहेत." आठ पेने विकली गेली होती आणि नोंद एकाचीच होती. हिशेब तसा बरोबरच होता. पण रिकामी चौकट दिसत असताना प्रणाली साधी सूचनाही देत नाही, हा दोष मी गंभीर मानते. साठ्याच्या आकड्यावरचा कामगारांचा विश्वास एकदा उडाला की ते फडताळात डोकावून मोजू लागतात आणि मग प्रणाली केवळ बिल छापण्यापुरती उरते. आमच्याकडे तो विश्वास परत बसायला तीन महिने लागले. रोज सकाळी दुकान उघडल्यावर पंचवीस वस्तू मोजायच्या आणि फरक तेव्हाच दुरुस्त करायचा, असा नेम केला. अंशतः मोजणीची सोय प्रणालीत चांगली आहे, याचा येथे उल्लेख केला पाहिजे. मोजलेल्या वस्तूंसमोर तारीख राहते आणि दुसऱ्या दिवशी पुढील पंचवीस आपोआप समोर येतात.

बिल करण्याच्या कामाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते जलद होते, पावती स्वच्छ येते आणि गर्दीच्या वेळी रांग लवकर सरकते. कोणत्या कामगाराने कोणते बिल केले, कोणते रद्द केले आणि गल्ला किती वेळा बिलाशिवाय उघडला याची नोंदही राहते. गल्ल्याच्या यंत्राचा जन्मच या कारणाने झाला आहे. अमेरिकेतील डेटन येथील जेम्स रिटी नावाच्या मद्यालयमालकाला नोकरांच्या हातून होणारी पैशांची गळती थांबवायची होती, आणि जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहून त्याला विक्री मोजणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. माझ्या दोन सहायकांवर मला असा संशय कधी आला नाही, पण ही नोंद त्यांच्याही सोयीची ठरली. संध्याकाळी गल्ला कमी भरला तर पूर्वी तिघांच्याही मनात नकोसे विचार येत. आता दहा मिनिटांत चूक सापडते आणि ती बहुधा माझीच असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या प्रणालीत "मालाचे वय" नावाचा एक अहवाल आहे. तो कोणत्याही जाहिरातीत नाही आणि पहिल्या पडद्यावरही नाही. अहवालांच्या यादीत अगदी तळाशी आहे. प्रत्येक वस्तू दुकानात कधी आली, शेवटची कधी विकली गेली आणि तिच्यात आपले किती पैसे गुंतलेले आहेत, हे तो सांगतो. सहा महिन्यांची नोंद जमल्यावर मी तो प्रथम उघडला. साठ्यात गुंतलेल्या पैशांपैकी साधारण तिसरा हिस्सा अशा वस्तूंत होता ज्यांना सहा महिन्यांत एकदाही गिऱ्हाईक मिळाले नव्हते. त्यांत जाड पुठ्ठ्याच्या देखण्या बांधणीच्या रोजनिशा होत्या. त्या मागवताना मला त्यांच्यावरचा नफा मोठा मोहक वाटला होता. रोजनिशीवर वर्ष छापलेले असते, म्हणजे वर्षाचे पहिले दोन महिने सरले की ती वस्तू रद्दीच्या भावाकडे सरकू लागते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण वरच्या फडताळावर त्या रांगेने शोभत होत्या आणि त्या रांगेकडे पाहताना मला भरलेले दुकान दिसत होते, अडकलेले पैसे दिसत नव्हते.

किरकोळ दुकानदारीत नफ्याचे प्रमाण आणि मालाची उलाढाल या दोन गोष्टींचा गुणाकार महत्त्वाचा असतो, आणि नवखा दुकानदार त्यांतली पहिलीच पाहतो. समजा, एक वस्तू 60 ला घेतली, 100 ला विकली आणि तिच्यात गुंतवलेला पैसा वर्षातून एकदाच मोकळा झाला. 60 गुंतवून वर्षाला 40 मिळाले, म्हणजे गुंतवणुकीवर सुमारे 67 टक्के. दुसरी वस्तू 85 ला घेतली आणि 100 ला विकली, पण तिचा साठा वर्षातून आठ वेळा संपून पुन्हा भरला. दर फेरीला 15 याप्रमाणे 85 च्या गुंतवणुकीवर वर्षाला 120 मिळाले, म्हणजे सुमारे 141 टक्के. पहिली वस्तू आमच्या रोजनिशा होत्या आणि दुसरी साधी निळी पेने, ज्यांना मी "नावापुरता नफा" म्हणून हिणवत असे. दोन्ही आकडे या प्रणालीत शेजारी शेजारी ठेवता येतात, मात्र त्यासाठी खरेदीची किंमत प्रत्येक आवकेच्या वेळी प्रामाणिकपणे भरावी लागते. अनेक दुकानदार ती भरत नाहीत आणि मग अहवाल चुकीचा आहे म्हणून ओरड करतात.

त्या अहवालानंतर आम्ही तीन महिन्यांत पडून राहिलेला माल मिळेल त्या भावाने काढला. काही रोजनिशा तर शेजारच्या शिकवणी वर्गाला कच्च्या कामासाठी जवळपास खरेदीच्याही खाली दिल्या. तोटा झाला, पण मोकळ्या झालेल्या पैशातून नेहमी संपणारा माल वेळेवर भरता आला आणि पुरवठादाराला वेळेत पैसे दिल्यामुळे त्याने पुढच्या खेपेला काही टक्के कमी लावले. महिनाअखेरची ओढाताण येथून कमी होऊ लागली. प्रणालीने स्वतः काहीच केले नाही. तिने मला एक यादी दिली आणि त्या यादीने माझा खरेदीचा हात आवरला.

ओढाताणीचे दुसरे मूळ उधारीत होते. आमच्याकडे काही कार्यालये व शिकवणी वर्ग महिन्याच्या उधारीवर माल नेतात. माल दुकानात सरासरी 45 दिवस राहतो, उधारीचे पैसे सरासरी 20 दिवसांनी येतात आणि पुरवठादार आम्हाला 30 दिवसांची मुदत देतो, असे धरले तर 45 आणि 20 मिळून 65 दिवस, त्यांतून 30 वजा जाता 35 दिवस तो माल आमच्या खिशातून उभा राहतो. विक्री वाढली की या 35 दिवसांसाठी लागणारी रक्कमही वाढते. यामुळेच भरभराटीला आलेले दुकान नेमके भरभराटीच्या काळात रोख पैशांअभावी अडचणीत सापडते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कोड्यासारखे वाटते. प्रणालीचा उधारीचा अहवाल थकबाकी तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या रकान्यांत मांडतो व ठरलेल्या दिवशी स्मरणपत्र पाठवतो. स्मरणपत्राची भाषा मात्र अत्यंत कोरडी आहे आणि ती बदलता येत नाही. ज्या गृहस्थांशी माझे रोजचे बोलणे आहे त्यांना "आपली थकबाकी त्वरित भरावी" असा संदेश गेल्यावर ते चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. आता आपोआप जाणारी स्मरणपत्रे बंद ठेवून मी रकाना पाहते आणि स्वतः दूरध्वनी करते.

याहून खटकणारी गोष्ट पहिल्या पडद्याची आहे. प्रणाली उघडताच मध्यभागी मोठ्या हिरव्या अक्षरांत आजची एकूण विक्री दिसते. नफा पाहण्यासाठी तीन पायऱ्या खाली उतरावे लागते. ही मांडणी निष्पाप नाही, असे माझे मत आहे. कारण बिलाच्या पडद्यावर सवलतीचे बटण अंगठ्याखाली येईल असे ठेवलेले आहे, आणि ते दाबले की विक्रीचा हिरवा आकडा फुगतो. पहिल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या हंगामात आम्ही सरसकट 10 टक्के सवलत दिली. दुकानात गर्दी झाली, हिरवा आकडा रोज नवा उच्चांक गाठू लागला आणि आम्ही तिघेही खूश होतो. महिन्याअखेर नफा पाहिला तेव्हा तो आदल्या वर्षीपेक्षा कमी होता. हिशेब कागदावर मांडला तेव्हा उलगडा झाला. 75 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर 25 उरतात. 10 टक्के सवलत दिली तर 15 उरतात. पूर्वी 100 नग विकून जेवढा नफा मिळत असे तेवढा मिळवण्यासाठी आता 167 नग विकावे लागतात. विक्री दोनतृतीयांशाने वाढली तेव्हा आपण जेथे होतो तेथेच राहतो, आणि तेवढी ती वाढत नाही. सवलत देताना उरणारा नफा त्याच ठिकाणी दाखवला, तर अनेक दुकाने वाचतील. आम्ही आता सवलतीची मर्यादा माझ्या संकेताक्षराखाली ठेवली आहे. ती सोय प्रणालीत आहे, फक्त शोधावी लागते.

खरेदीच्या सूचना देणारा भाग हा वरच्या श्रेणीच्या वर्गणीत मिळतो आणि त्याची जाहिरात सर्वांत जोरात होते. एका वेळी किती माल मागवावा याचे गणित नवे नाही. अमेरिकेतील अभियंते फोर्ड हॅरिस यांनी ते 1913 मध्येच मांडले. मागवण्याचा दर वेळचा खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च यांचा तोल जेथे साधतो ती मागवण्याची योग्य संख्या, आणि ती मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मागणी चौपट झाली तर एका खेपेला दुप्पटच माल मागवायचा असतो. या गणिताची मला आवडणारी बाजू अशी की ते चुकांना क्षमा करते. योग्य संख्येपेक्षा दीडपट माल मागवला तरी या दोन खर्चांची बेरीज सुमारे 8 टक्क्यांनीच वाढते. म्हणून अगदी नेमक्या आकड्याचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्यापुढे लहान दुकानदाराने फार दबून जाऊ नये.

आमच्या प्रणालीची अडचण गणितात नसून तिला मिळणाऱ्या माहितीत आहे. ती मागील विक्रीवरून पुढील मागणी काढते. आमच्याकडे आलेखाच्या वह्या एकदा तीन आठवडे संपल्या होत्या, कारण पुरवठादाराकडेच नव्हत्या. त्या काळात विक्री शून्य नोंदली गेली. माल नाही म्हणून विक्री नाही, हा फरक प्रणालीला कळला नाही. तिने मागणीच घटली असे मानून पुढच्या खेपेला निम्म्या वह्या सुचवल्या. आम्ही विश्वासाने तेवढ्याच मागवल्या, त्या दहा दिवसांत संपल्या, पुन्हा शून्य नोंदले गेले आणि पुढची सूचना आणखी लहान आली. अशा रीतीने उत्तम खपणारी वस्तू हळूहळू दुकानातून हद्दपार होऊ शकते आणि अहवाल मात्र सांगत राहतो की तिला मागणी नव्हती. साठा शून्य असलेले दिवस हिशेबातून वगळण्याची सोय काही प्रणालींत असते. आमच्या प्रणालीत ती नाही. तक्रार केल्यावर "आपली सूचना नोंदवून घेतली आहे" असे उत्तर आले, त्याला आता चौदा महिने झाले.

हंगामाविषयीही असेच आहे. शाळा सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात आमची विक्री एरवीच्या अनेक पट असते आणि प्रणाली मागील तीन महिन्यांची सरासरी काढून सूचना देते. म्हणजे हंगाम सुरू होताना ती कमी मागवायला सांगते आणि हंगाम संपल्यावर भरपूर. एका वर्षाचा अनुभव गाठीशी असलेला सहायकही ही चूक करणार नाही. वरच्या श्रेणीची वर्गणी आम्ही सहा महिन्यांनी बंद केली.

ज्या गोष्टींना ही प्रणाली हात लावूच शकत नाही त्यांपैकी जागा ही पहिली. दुकान कोठे आहे, समोरून कोण जाते, गाडी उभी करायला जागा आहे का, पावसात पायरी निसरडी होते का, यांवर जे ठरते ते कोणताही अहवाल नंतर बदलू शकत नाही. एकाच प्रकारची दुकाने एकमेकांना खेटून का उभी राहतात याचे एक स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दिले होते. एका सरळ रस्त्यावरचे दोन विक्रेते परस्परांचे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी मध्याकडे सरकत जातात आणि शेवटी शेजारी येऊन बसतात. प्रत्यक्ष दुकानदाराला त्याला जोडून आणखी एक कारण माहीत असते. दहा दुकाने एकत्र असली की गिऱ्हाईक "तेथे नक्की मिळेल" म्हणून लांबून येते. एकट्या दुकानाला हे लांबून येणारे गिऱ्हाईक मिळत नाही, त्याला जवळच्यांच्या रोजच्या गरजेवर जगावे लागते आणि त्याप्रमाणे मालही निराळा ठेवावा लागतो.

वेळेच्या बाबतीत मात्र प्रणालीने अनपेक्षित मदत केली. तासागणिक विक्रीचा अहवाल पाहताना असे दिसले की दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतच सकाळची बरीचशी बिले होतात. लोक आधीपासून वाट पाहत असावेत, अशी शंका आली. आम्ही दुकान अर्धा तास लवकर उघडू लागलो आणि त्या अर्ध्या तासात वर्गाला निघालेली मुले व कामाला निघालेली माणसे येऊ लागली. पूर्वी ती कोठून घेत होती हे कोणत्याच अहवालात नव्हते, कारण बंद दाराबाहेरच्या माणसाचे बिल होत नाही.

सेवेबद्दल मिश्र अनुभव आहे. मदतीसाठी दूरध्वनी केल्यास माणूस बोलतो ही जमेची बाजू. दुसरी बाजू अशी की पहिल्या हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या सकाळी प्रणालीने स्वतःला अद्ययावत करून घेण्याचे ठरवले आणि चाळीस मिनिटे बिलाचा पडदा उघडला नाही. आम्ही जुन्या पावतीपुस्तकावर हाताने बिले केली व रात्री ती पुन्हा भरली. अद्ययावत होण्याची वेळ रात्रीची ठरवता येते, हे आम्हाला त्यानंतर सांगण्यात आले. पावतीपुस्तक आणि कार्बन कागद आजही गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलेला आहे. इंटरनेट नसताना बिले होतात आणि ते आल्यावर नोंदी जुळतात, ही गोष्ट आम्ही अनेकदा पडताळून पाहिली आहे व ती विश्वासार्ह आहे.

घेण्यापूर्वी एक प्रश्न प्रत्येकाने जरूर विचारावा, जो आम्ही विचारला नाही: उद्या ही प्रणाली सोडायची ठरवली तर आपली माहिती आपल्याला कोणत्या रूपात परत मिळेल? आमच्या प्रणालीतून वस्तूंची यादी व विक्रीच्या नोंदी तक्त्याच्या रूपात सहज उतरवता येतात. उधारीची खाती मात्र केवळ छापता येतात. म्हणजे दुसरीकडे जायचे झाल्यास प्रत्येक खाते पुन्हा हाताने भरावे लागेल. ही अडचण तांत्रिक आहे असे मला कोणी पटवू शकलेले नाही.

पाचपैकी साडेतीन गुण मी या प्रणालीला देईन. मालाचे वय, अंशतः मोजणी आणि उधारीचे रकाने या तीन गोष्टींसाठी तिची वर्गणी वसूल होते. ज्या दुकानात दीड-दोनशेच वस्तू आहेत आणि मालक स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसतो, तेथे नीट ठेवलेली वही पुरेशी आहे. तेथे हा खर्च करू नये. पाचशेच्या वर वस्तू असतील, किंवा मालकाच्या अनुपस्थितीत दुकान चालत असेल, तर घ्यावी, पण खरेदीच्या सूचनांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

त्या सूचनांच्या जागी आम्ही गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवली आहे. गिऱ्हाईकाने मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू त्यात तारखेसह लिहायची, एवढाच नियम. सहायक तिला "नाही-वही" म्हणतात. सुरुवातीला ती भरायचा त्यांना कंटाळा येई, कारण रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाची नोंद करणे म्हणजे आपल्या चुकीची नोंद करण्यासारखे वाटते. आता दर शनिवारी आम्ही तिघे ती वाचतो. एकच नाव आठवड्यात तीनदा आले तर ती वस्तू थोडी मागवून पाहतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठीच्या कात्र्या व पेने याच वहीतून दुकानात आली आणि मालाच्या वयाच्या अहवालात ती अजून एकदाही दिसलेली नाहीत. या आठवड्याच्या पानावर मोठ्या आकाराचे रेखाचित्राचे कागद दोनदा लिहिलेले आहेत. शनिवार अजून दोन दिवसांवर आहे.